लिव्हरमध्ये गाठ सापडली, पण पोटाला हात कुणी लावला?

तालुक्याचा_डॉक्टर | रविवार, रात्री ९.४०

परवा ओपीडी संपता संपता एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर आले. बरोबर मुलगा. कापडी पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट, सीटीच्या फिल्म, तीन लॅबचे रक्ताचे कागद आणि 'पेट स्कॅन करून घ्या' अशी चिठ्ठी. सोनोग्राफीवर लिहिलेलं: लिव्हरमध्ये मल्टिपल एसओएल. मुलगा विचारतो, "एसओएल म्हणजे कॅन्सरच ना?" अहो, एसओएल म्हणजे जागा अडवून बसलेलं काहीतरी. गाठ असेल, गळू असेल, पाण्याची पिशवी असेल. रेडिओलॉजिस्टनं प्रामाणिकपणे एवढंच म्हटलं होतं की आत काहीतरी आहे.

मी म्हटलं, शर्ट काढा, टेबलावर झोपा. कंडक्टर बघतच राहिले. "एवढे फोटो काढलेत की आतले!" महिनाभरात चार ठिकाणी फिरून झालं होतं, चारही ठिकाणी कागद बघितले गेले, पोटाला हात कुणी लावला नव्हता.

त्यांचं काय निघालं ते शेवटी सांगतो. आधी लिव्हर हातानं बघतात म्हणजे नक्की काय करतात ते लिहितो, कारण मागे एका धाग्यावर कुणीतरी 'डॉक्टर पोट दाबतात तो निव्वळ देखावा असतो' असं लिहिलं होतं आणि ते मला अजून सलतंय.

माणसाला पाठीवर उताणं झोपवायचं, गुडघे थोडे दुमडायला सांगायचं म्हणजे पोटाचे स्नायू सैल पडतात. आपण उजव्या बाजूला. हात गरम हवा. आणि सुरुवात करायची ती खालून, उजव्या जांघेच्या वरून. नवशिका डॉक्टर नेमका इथे फसतो. लिव्हर बरगडीखाली असतं हे पाठ असतं, म्हणून तो थेट बरगडीपाशी बोटं खुपसतो. लिव्हर जर बेंबीपर्यंत आलेलं असेल तर त्याची बोटं आधीच लिव्हरच्या पाठीवर बसलेली असतात, कड हाताला लागणार कुठून? मग केसपेपरवर 'लिव्हर लागत नाही' असं लिहून मोकळा. मी स्वतः इंटर्न असताना हे केलंय, आणि युनिटच्या सरांनी सगळ्यांसमोर माझा हात धरून सहा इंच खाली नेला होता.

मग रुग्णाला लांब श्वास घ्यायला सांगायचा. लिव्हर श्वासपटलाच्या खाली चिकटून असतं, श्वास आत गेला की ते एक ते तीन सेंटिमीटर खाली सरकतं. बोटं जागेवर ठेवायची आणि वाट बघायची. लिव्हर आपणहून येऊन बोटाला टेकतं. नाही टेकलं तर बोटं दोन सेंटिमीटर वर घ्यायची, पुन्हा एक श्वास. घाई करणाऱ्याला लिव्हर सापडत नाही.

कड लागली की ती कशी आहे हे बघायचं. आम्हाला शिकवलेलं माप सोपं आहे: ओठासारखी मऊ, नाकाच्या शेंड्यासारखी घट्ट, की कपाळासारखी टणक? बोट लावून बघा स्वतःच्या चेहऱ्याला, लगेच कळेल. हार्ट फेल होत असलेल्या माणसाचं लिव्हर गुळगुळीत, फुगलेलं आणि दुखरं. सिऱ्हॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर आतून वण पडून कडक होत जातं त्या आजारात, ते घट्ट, आणि पुढे पुढे आक्रसून बरगडीआड जातं, म्हणजे रोग वाढला की लिव्हर लागेनासं होतं. दुसरीकडून पसरलेला कॅन्सर असेल तर टणक, खडबडीत, आणि कधी कधी गाठीच्या मधोमध खळगा हाताला लागतो. गाठ वाढताना तिच्या पोटातला भाग मरतो आणि आत खचतो, त्याचा तो खळगा. एकदा बोटाला लागला की विसरत नाही.

त्यानंतर ठोकून बघणं, म्हणजे पर्कशन. बाजारात कलिंगडाला टिचक्या मारतो तसं. फुफ्फुसावर पोकळ आवाज, लिव्हरवर बद्द. छातीवर उजवीकडे वरून खाली ठोकत आलं की साधारण पाचव्या फासळीच्या फटीत आवाज बदलतो. तिथून खालच्या कडेपर्यंत मोजायचं (हा स्पॅन), मोठ्या माणसात ६ ते १२ सेंटिमीटर भरतं. ही युक्ती ज्यानं १७६१ मध्ये छापून मांडली तो आउएनब्रुगर ऑस्ट्रियातल्या ग्राट्सच्या खानावळवाल्याचा मुलगा. दारूची पिंपं कुठवर भरलीत हे ठोकून बघतात हे त्यानं घरीच पाहिलं असणार असं सांगतात. दारूच्या पिंपावरून लिव्हर, हा योग मला फार आवडतो.

आता कंडक्टर. लिव्हर बरगडीखाली चार बोटं, कपाळासारखं टणक, दोन ठिकाणी गाठी. पण छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा नाहीत, तळहात लाल नाहीत, प्लीहा लागत नाही, पोटात पाणी नाही, डोळे पिवळे नाहीत. म्हणजे सिऱ्हॉसिसची एकही खूण अंगावर नाही, आणि लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर बहुधा सिऱ्हॉसिसवरच होतो. मग मनात आलं की या गाठी लिव्हरच्या स्वतःच्या नसाव्यात, पाहुण्या असाव्यात. पाहुणे कुठून आले? म्हटलं कुशीवर वळा, गुडघे पोटाशी घ्या. ग्लोव्ह घालून बोटानं गुदमार्ग तपासला. चार-पाच सेंटिमीटरवर कडक, ओबडधोबड गाठ. बोट बाहेर काढलं तर रक्त.

"मूळव्याध आहे हो ती," कंडक्टर म्हणाले, "आठ महिने झाले, चूर्ण चालू आहे."

सीटी पोटाच्या वरच्या भागाचाच काढला होता. कागदावर ती गाठ नव्हतीच.

---

खडीसाखर | रविवार, रात्री १०.१५

बापरे. वाचून काटा आला. डॉक्टर, एक भाबडा प्रश्न. मला ग्रेड २ फॅटी लिव्हर निघालंय. तुमचा लेख वाचता वाचता मी सोफ्यावर आडवी होऊन उजवीकडे दाबून बघितलं. काहीतरी कडक लागतंय. घाबरू का?

तालुक्याचा_डॉक्टर | रविवार, रात्री १०.३२

घाबरू नका आणि दाबूही नका. स्वतःचं पोट दाबताना मान उचलली जाते, पोटाचा उभा स्नायू ताठ होतो, आणि तोच 'कडक' लागतो. मी जे लिहिलंय ते दुसऱ्याचं पोट बघण्याबद्दल, तेही शेकडो पोटं बघून झाल्यावर. तुम्ही कंबरेचा घेर, साखर आणि वजन बघा.

---

शेवटच्या_बाकावरचा | रविवार, रात्री ११.०४

डॉक्टर, मी इंटर्न आहे. फायनलला लाँग केसला मला लिव्हरच आलं होतं. एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) म्हणाले, "हे लिव्हरच कशावरून? किडनी का नाही?" माझी ततपप झाली. श्वासाबरोबर हलतं म्हणालो, तर ते म्हणाले किडनीपण हलते. नंतर सरांनी समजावलं: बरगडी आणि गाठ यांच्यामध्ये बोटं शिरत नाहीत, ते लिव्हर. ठोकलं तर लिव्हरचा बद्द आवाज वरपासून सलग येतो, किडनीच्या पुढे आतडं असतं म्हणून मध्ये पोकळ आवाज येतो. आणि किडनी मागून उचकली तर पुढच्या हाताला टप्प करून लागते. पास झालो, पण खरं सांगायचं तर मला अजून एकदाही कड 'आपणहून येऊन बोटाला टेकलेली' कळलेली नाही. मी लागली म्हणतो, कारण पुढच्यानं लागली म्हटलेलं असतं.

तालुक्याचा_डॉक्टर | रविवार, रात्री ११.२०

शेवटचं वाक्य लिहिल्याबद्दल तुला पूर्ण मार्क. निम्मा वॉर्ड असाच चालतो.

दोन सापळे सांगतो. दम्याचा किंवा बिडी ओढून फुफ्फुसं फुगलेला माणूस असेल तर श्वासपटल खाली दबलेलं असतं, लिव्हर दोन-तीन बोटं लागतं, पण ते वाढलेलं नसतं, नुसतं खाली ढकललेलं असतं. म्हणून हाताला लागलं की वरची हद्द ठोकून मोजायचीच. दुसरा सापळा रीडेलचा लोब. उजव्या लोबची जिभेसारखी लोंबती शेपटी, बायकांमध्ये जास्त, कधी थेट कमरेच्या हाडापर्यंत. आजार नाही, ठेवणच तशी. ती गाठ समजून लोकांची झोप उडवलेली मी पाहिली आहे.

---

कात्री_सुई_दोरा | सोमवार, सकाळी ७.१०

मी सर्जन. डॉक्टरांनी एक मोठा गट सोडला, तो मी घेतो: लिव्हरचं गळू. आपल्याकडे लिव्हरमधली 'गाठ' म्हणून येणाऱ्यांत अमिबामुळे झालेलं गळू खूप दिसतं. ऐन कमावत्या वयातला पुरुष, बहुतेक वेळा हातभट्टी किंवा ताडीची सवय, पंधरा दिवसांचा ताप, भूक मेलेली. तो दारातून आत येतानाच ओळखू येतो, उजवी कूस हातानं धरून, थोडा वाकून चालतो. खोकला आला की कळवळतो.

याची तपासणी पोटावर कमी आणि बरगड्यांवर जास्त. खालच्या फासळ्यांमधल्या फटीत एका बोटानं दाबत जायचं. एका ठराविक फटीत दाबलं की माणूस टेबलावरून उठतो. त्याच्या बरोब्बर खाली गळू असतं. सोनोग्राफी मशीन ज्या काळी आमच्या हॉस्पिटलात नव्हतं तेव्हा आमचे सर त्याच बोटाच्या जागी सुई घालायचे. (आता कुणी करू नये, आता सोनोग्राफीच्या खालीच करतात.) बाहेर जो पू येतो त्याला पुस्तकात 'अँकोव्ही सॉससारखा' म्हणतात. वर्गात दीडशे जण, अँकोव्ही सॉस एकानंही पाहिलेला नाही, परीक्षेत मात्र दीडशेही लिहून आले. मला तो आटलेल्या चिंचगुळाच्या आमटीसारखा दिसतो. तेव्हापासून आमटी... जाऊ दे.

आणि उजवा खांदा दुखतोय म्हणून हाडाच्या डॉक्टरकडे महिनाभर शेक घेणारे रुग्णही येतात. श्वासपटलाची नस मानेतून निघते, त्याच मणक्यांतून खांद्याच्या टोकाची संवेदना जाते. लिव्हरचं गळू श्वासपटलाला टोचतं आणि दुखतो खांदा. सगळ्यात भीती डाव्या लोबच्या गळूची. ते छातीच्या मध्यभागी खाली, पोटाच्या वरच्या खळग्यात लागतं, आणि फुटलं तर हृदयाच्या आवरणात फुटू शकतं. तिथे 'उद्या बघू' चालत नाही.

निवडुंग | सोमवार, सकाळी ८.०२

नाश्ता करताना वाचत होतो. धन्यवाद. आज घरी आमटीच आहे.

---

धनगरवाड्याचा | सोमवार, सकाळी ९.४५

आमच्याकडे मेंढरं आहेत. चुलत्याला लिव्हरमध्ये पाण्याची गाठ निघाली होती, नारळाएवढी. दुखत काहीच नव्हतं, नुसतं पोट वर आलं होतं. गावातल्या एकानं सुई घालून पाणी काढतो म्हणून सांगितलं होतं. नशीब आम्ही जिल्ह्याला गेलो. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "सुई घातली असती तर जागेवर गेला असता." ते खरं का?

कात्री_सुई_दोरा | सोमवार, सकाळी १०.२०

मॅडमनी बरोबर सांगितलं. तो हायडॅटिड. कुत्र्याच्या आतड्यात बारीकसा जंत असतो, त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, तिथून मेंढराच्या पोटात. मेलेल्या मेंढराचं काळीज-फुफ्फुस कुत्र्याला टाकलं की चक्र पुन्हा सुरू. माणूस मध्येच सापडतो. हाताला ती गाठ गोल, गुळगुळीत, ताणलेल्या फुग्यासारखी आणि न दुखणारी लागते. आतलं पाणी पोटात सांडलं तर जोरदार ॲलर्जी येऊन बीपी पडू शकतं, शिवाय पिल्लं पोटभर पसरतात. म्हणून न बघता, तयारी न करता सुई घालायची नाही. तज्ज्ञ लोक औषधांच्या आडोशानं, सोनोग्राफीत बघत सुईनं उपचार करतातही, पण ते वेगळं.

पुस्तकात 'हायडॅटिड थ्रिल' दिलंय, तीन बोटं ठेवून मधल्यावर ठोकलं की बाकी दोघांना थरथर जाणवते. पंचवीस वर्षांत मला ती एकदाही जाणवली नाही. ज्यांना जाणवते त्यांना माझा नमस्कार.

चुलत्यांच्या घरी कुत्र्यांना जंताचं औषध चालू करा आणि कापलेल्या जनावराची आतडी-काळीज उघड्यावर टाकू नका.

---

सहा_छत्तीसची_लोकल | सोमवार, दुपारी १.१५

विरोधी सूर लावतो. सगळं रम्य आहे, कलिंगड, आमटी वगैरे. पण २ सेंटिमीटरची गाठ हाताला लागते का? नाही. सोनोग्राफीत दिसते का? दिसते. मग हा हाताचा महिमा कशाला? माझ्या मोठ्या भावाला हिपॅटायटिस बी आहे. त्याचं पोट दर वेळी दाबून 'एकदम छान' म्हणणारे डॉक्टर आम्हाला भेटले. तिसऱ्या वर्षी दुसरीकडे सोनोग्राफी केली तर ६ सेंटिमीटरचा हिपॅटोमा, म्हणजे लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर. लिव्हर ट्रान्सप्लांटचं विचारायला गेलो तर म्हणाले मिलान निकषात बसत नाही.

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, दुपारी २.३०

लोकल, तुमच्या भावाच्या बाबतीत जे झालं ते चुकलंच, आणि या धाग्यावर ते ठळकपणे असायला हवं.

लिव्हरचा स्वतःचा कॅन्सर लवकर पकडायचं काम हाताचं नव्हेच. सिऱ्हॉसिस असलेल्या प्रत्येकाची, आणि हिपॅटायटिस बी असलेल्या जोखमीच्या लोकांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व्हायला हवी, सोबत एएफपीची (या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं प्रथिन) रक्ततपासणी. बी विषाणू तर सिऱ्हॉसिस नसतानाही कॅन्सर करतो. मिलान निकष १९९६ चे: एकच गाठ असेल तर ५ सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येक ३ च्या आत. हाताला लागेपर्यंत थांबलेली गाठ बहुधा या हद्दीच्या बाहेर गेलेली असते. पोट दाबून 'छान' म्हणणं ही त्या परिस्थितीत तपासणी नव्हती. भाऊ आता कसे आहेत?

सहा_छत्तीसची_लोकल | सोमवार, दुपारी ३.०५

गाठीच्या रक्तवाहिनीत औषध सोडून ती बंद केली, दोनदा. आकार कमी झालाय. आता पुन्हा ट्रान्सप्लांटवाल्यांनी बोलावलंय. बघू. चिडून लिहिलं त्याबद्दल सॉरी. तुमच्यावर राग नव्हता.

मेघगर्जना | सोमवार, दुपारी ३.४०

लोकलदादा, भावासाठी शुभेच्छा. बी साठी घरातल्या सगळ्यांची रक्ततपासणी आणि लस झाली का? बाळाला जन्मल्यापासून २४ तासांत पहिला डोस देतात तो यासाठीच. ज्या ब्लुम्बर्गनी हा विषाणू शोधला त्यांना १९७६ चं नोबेल मिळालं, आणि त्यांच्या वाढदिवशी, २८ जुलैला, जागतिक हिपॅटायटिस दिवस असतो.

---

जुना_फिजिशियन | सोमवार, संध्याकाळी ६.५०

दोन्ही पक्षांचं बरोबर आहे, म्हणून मी तिसरंच काढतो. पोटाला स्टेथोस्कोप लावा! हिपॅटोमाला रक्तपुरवठा धमनीतून होतो, नव्या, वेड्यावाकड्या, भसाभस वाहणाऱ्या रक्तवाहिन्या तयार होतात. लिव्हरवर स्टेथो ठेवून काही सेकंद शांत राहिलं तर काही रुग्णांत 'हूश्श... हूश्श' असा नाडीच्या तालावरचा आवाज येतो. सगळ्यांत नाही, थोड्यांतच. दारूमुळे सुजलेल्या लिव्हरवरही कधी येतो. पण ज्ञात सिऱ्हॉसिसच्या माणसावर तो नव्यानं ऐकू आला तर मी त्याच दिवशी सीटी लिहितो.

श्वासाबरोबर चामडं घासल्यासारखा खरखर आवाज आला तर गाठ किंवा गळू लिव्हरच्या कातडीपर्यंत आलंय. बेंबी आणि छातीच्या हाडाच्या मध्ये सतत घरघर, जात्यासारखी, ती वेगळी. ती पोर्टल नसेतला (आतड्याकडून लिव्हरकडे रक्त आणणारी नस) दाब वाढून बेंबीकडची बंद वाट पुन्हा उघडल्याची.

माझा एक नियम आहे. सिऱ्हॉसिसचा पेशंट वर्षभर ठीकठाक होता आणि पंधरा दिवसांत अचानक घसरला, पोटात पाणी भरलं, हात फडफडायला लागले, तर 'रोग वाढला' म्हणून पाण्याच्या गोळ्या वाढवायच्या नाहीत. आत गाठ झाली का ते शोधायचं. पोटातलं पाणी सुईनं काढलं आणि लालसर आलं तर शंका अजून पक्की.

---

आभा_नाशिक | सोमवार, रात्री ८.२५

लिहू की नको असं करत लिहितेय. बाबांना बेंबीत गाठ झाली होती. हरभऱ्याएवढी, जांभळट. आई म्हणायची बेंबी साफ करत नाही म्हणून झालीय. एका डॉक्टरांनी हर्निया म्हणून सांगितलं, पट्टा लावायला दिला. दीड महिन्यानं कावीळ झाली, सोनोग्राफीत लिव्हरभर गाठी. मग मोठ्या हॉस्पिटलातल्या एका तरुण मुलीनं (रेसिडेंट असावी) बाबांचा शर्ट वर केला, बेंबीकडे बघितलं, आणि तिचा चेहरा बदललेला मला दिसला. ती काही बोलली नाही. गेली आणि सरांना घेऊन आली. पुढे जठराचा कॅन्सर निघाला. बाबा पाच महिने होते.

मला त्या पट्टेवाल्या डॉक्टरांवर राग नाही आता. पण त्या मुलीला काय दिसलं होतं, हे मला कुणी सांगेल का?

तालुक्याचा_डॉक्टर | सोमवार, रात्री ९.१०

आभाताई, सांगतो. पोटातला कॅन्सर कधी कधी बेंबीपर्यंत येतो आणि तिथे कडक गाठ दिसते. जठर, आतडं, स्वादुपिंड, बायकांमध्ये अंडाशय. तिला सिस्टर मेरी जोसेफ नोड्यूल म्हणतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या रोचेस्टरला सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये त्या विल्यम मेयो यांच्या सर्जिकल असिस्टंट होत्या. ऑपरेशनआधी पोट धुऊन-पुसून तयार करण्याचं काम त्यांच्याकडे. धुताना त्यांच्या लक्षात आलं की ज्यांच्या बेंबीत अशी गाठ असते त्यांचं पोट उघडल्यावर आत रोग पसरलेलाच सापडतो. त्यांनी ते मेयोंना दाखवलं. मेयोंनी १९२८ मध्ये लिहिलं, आणि १९४९ मध्ये हॅमिल्टन बेली या इंग्लिश सर्जननं पुस्तकात त्या सिस्टरचं नाव दिलं. रोगाच्या खुणांना डॉक्टरांची नावं असतात, इथे एका नर्सचं आहे.

त्या मुलीनं ते ओळखलं. तिनं तुमच्यासमोर बोलून टाकलं नाही, हेही तिचं शहाणपण. आणि एक, दीड महिना आधी कळलं असतं तरी बेंबीपर्यंत आलेला रोग तेव्हाही पसरलेलाच होता. आईंना बेंबी साफ करण्याचं मनातून काढायला सांगा.

आभा_नाशिक | सोमवार, रात्री ९.३८

आईला वाचून दाखवलं. थँक्यू.

---

काजळमाया_नेत्र | मंगळवार, सकाळी ७.५५

डोळ्यांची डॉक्टर आहे, माझा इथे काय संबंध म्हणाल. आमच्याकडे जुनी म्हण आहे: काचेचा डोळा आणि मोठं लिव्हर दिसलं तर सावध व्हा. डोळ्यातल्या काळ्या गाठीसाठी, म्हणजे मेलॅनोमासाठी, डोळा काढून कृत्रिम बसवलेला असतो. हा कॅन्सर पसरला की सगळ्यात आधी लिव्हरच गाठतो, कधी दहा-दहा वर्षांनी. रुग्ण स्वतः विसरलेला असतो, विचारलं तर म्हणतो "लहानपणी लागलं होतं डोळ्याला". भारतीयांत तो कमी दिसतो, त्यामुळे कुणाच्या डोक्यातच येत नाही. लिव्हरच्या पेशंटच्या डोळ्यात कावीळ बघायला वाकताच ना, तर दोन्ही डोळे खरे आहेत का तेही बघा.

कात्री_सुई_दोरा | मंगळवार, सकाळी ८.१५

सुंदर. आणि डावीकडे कॉलरबोनच्या वरच्या खड्ड्यात बोट घालून बघा. पोटातल्या कॅन्सरची गाठ तिथे सापडते. सुई घालून तपासायला लिव्हरपेक्षा ती कधीही सोपी.

---

दीड_वर्षांची_आई | मंगळवार, दुपारी १२.३०

लहान मुलांचं कुणी लिहिलं नाही. भाचीच्या बाळाला अंघोळ घालताना मालिशवाल्या मावशींनी सांगितलं, "उजव्या अंगाला हाताला काहीतरी लागतंय." सगळ्यांनी हसण्यावारी नेलं. मावशी हटून बसल्या. शेवटी नेलं.

बालवाडी_डॉक्टर | मंगळवार, दुपारी १.५०

मावशींना साडी घ्या. तीन वर्षांच्या आतल्या मुलांत लिव्हरचा जो कॅन्सर होतो, हिपॅटोब्लास्टोमा, तो बहुतेक वेळा असाच सापडतो, अंघोळीत किंवा कपडे बदलताना. पोर खेळत असतं, दुखत नसतं. पण लक्षात ठेवा, बाळाचं लिव्हर बरगडीखाली एक-दोन सेंटिमीटर लागणं हे नॉर्मलच, त्यामुळे प्रत्येक आईनं दचकू नये. आणि गाठ आहे असं कळल्यावर नातेवाइकांनी एकेकानं दाबून बघू नये. बाळ कसं आहे?

दीड_वर्षांची_आई | मंगळवार, दुपारी २.२०

केमो झाली, मग ऑपरेशन. आता चालायला लागलंय. साडी कधीच घेतली, पैठणी :)

---

काढा_किंग | मंगळवार, दुपारी ४.००

या सगळ्यावर गुळवेल आणि भुईआवळा. तपासण्यांचा धंदा आहे सगळा.

तालुक्याचा_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ४.४५

कंडक्टरांनीही आठ महिने चूर्णच घेतलं. आणि गुळवेल घेऊन लिव्हर सुजलेले रुग्ण मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलेत. यावर मी पुढे बोलणार नाही.

---

निवडुंग | मंगळवार, संध्याकाळी ७.१०

डॉक्टर, त्या कंडक्टरांचं पुढे?

तालुक्याचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री ९.००

कोलोनोस्कोपी झाली, तुकडा तपासायला गेलाय, पण वेगळं काही येईल असं वाटत नाही. आतड्याचा कॅन्सर लिव्हरमध्ये गेला म्हणजे सगळं संपलं असं नसतं. गाठी मोजक्या असतील तर केमो देऊन त्या कापूनही काढतात. यांच्या दोन्ही लोबमध्ये आहेत, त्यामुळे कठीण आहे, पण केमो सुरू होईल. मुलगा फोनवर म्हणाला, बाबा सगळ्यांना सांगत सुटलेत की डॉक्टरनं बोट घालून रोग पकडला. पहिल्यांदा लाजले होते. आता एसटीच्या पेन्शनर ग्रुपवर टाकतायत की मूळव्याध म्हणून बसू नका, बोटानं तपासून घ्या.

---

शेवटच्या_बाकावरचा | बुधवार, रात्री ११.५०

डॉक्टर, आज वॉर्डात एक आजोबा होते, सत्तरीचे, जन्मभर बिडी. केसपेपरवर 'लिव्हर तीन बोटं, सोनोग्राफी करा' असं लिहिलेलं. मी काखेत धरून हात गरम केले आणि जांघेपासून सुरुवात केली. श्वास घ्या म्हटलं. काही नाही. दोन सेंटिमीटर वर. काही नाही. पाचव्या श्वासाला आलं. खरंच येऊन टेकलं! बोटाखालून कड सरकून गेली, मऊ, ओठासारखी. मी तसाच उभा राहिलो. आजोबा म्हणाले, "सापडलं का रे बाळा?"

मग ठोकलं. वरची हद्द पाचव्या फटीत नव्हतीच, सातव्यात होती.

तालुक्याचा_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ६.३०

स्पॅन किती भरला?

शेवटच्या_बाकावरचा | गुरुवार, सकाळी ६.३४

साडेदहा.